दहावीतल्या मुलीला आरोग्यसेवेत जायचे आहे : तयारी कुठून करावी?

डिचोली तालुक्यातील एका पालकांनी विचारले आहे : "आमची मुलगी यंदा दहावीत आहे. प्राथमिक शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. विज्ञान आवडते, गणिताची धास्ती आहे. तिची आजी अंथरुणाला खिळली तेव्हापासून 'मला हॉस्पिटलात काम करायचे आहे' असे म्हणते. नातेवाईक सांगतात, आत्ताच नीटच्या क्लासला घाला, नाहीतर उशीर होईल. आम्ही दोघेही या क्षेत्रातले नाही. शाळेत आणि पुढे कॉलेजात तिने नेमकी काय तयारी करावी? आणि नीटमध्ये गुण कमी पडले तर पुढे काय?"

आपली मुलगी 'हॉस्पिटलात काम करायचे आहे' असे म्हणते. 'डॉक्टर व्हायचे आहे' असे ती म्हणालेली नाही. हा फरक आपण मोठी माणसे ऐकता ऐकताच पुसून टाकतो आणि मग दोन-तीन वर्षांनी, एका परीक्षेतले गुण कमी पडले म्हणून, मुलीचे सगळेच हुकले असे समजून बसतो. म्हणून उत्तराची सुरुवात मी 'नीट'पासून, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेपासून, करत नाही.

गोव्याच्या सरकारी आरोग्यसेवेत मी एकतीस वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. बदल्या होत होत सत्तरी तालुक्यात दोनदा गेले, आणि दुसऱ्या वेळी, २०१५ मध्ये, पाली आणि आसपासच्या गावांत माकडताप दिसू लागला. हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो, आणि आपल्याकडे लोक काजू वेचायला डोंगरावर जातात नेमक्या त्याच हंगामात तो डोके वर काढतो. या तापावर नेमके औषध नाही, शुश्रूषेवरच रुग्ण तरतो. त्या हंगामात कोण कोण कामाला लागले होते ते आठवून पाहिले की मला आजही आश्चर्य वाटते. मेलेले माकड कुठे दिसले याची खबर आणणारे गावकरी आणि वनखात्याची माणसे होती. घरोघर फिरून तापाची चौकशी करणारे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी होते. रक्ताचा नमुना नीट घेऊन, थंड राखून, त्यावर नाव, वय, तारीख न चुकता लिहून राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवणारा तंत्रज्ञ होता. गोचिडी गोळा करणारे कीटकशास्त्राचे लोक होते, जनावरांचे डॉक्टर होते, आणि रुग्णाच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते का याकडे रात्रभर लक्ष ठेवणारी नर्स होती. या सगळ्यांच्या कामावर विसंबून मी निर्णय घेत होते. तंत्रज्ञाने एका बाटलीवर चुकीचे नाव लिहिले असते तर माझे सगळे शिक्षण त्या दिवशी फुकट गेले असते.

तेव्हा मुलीपुढे 'डॉक्टर की काहीच नाही' असा प्रश्न ठेवू नये. प्रवेश परीक्षेची तयारी आणि कामाची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अकरावीत सुरू केली तरी पुरेसा वेळ असतो. दुसरी आपल्या घरात, आजीच्या खाटेपाशी, केव्हाच सुरू झालेली आहे, आणि तिच्याकडे कोणत्याही क्लासचे लक्ष जात नाही.

आधी गणिताविषयी लिहिते, कारण धास्ती तिथे आहे. जीवशास्त्र घेतले की गणितापासून सुटका, असा समज मुलांमध्ये सर्रास आढळतो. रुग्णालयात लागणारे गणित सातवी-आठवीचेच असते. फरक इतकाच की ते रात्री तीन वाजता, मूल रडत असताना, आणि एकदाही न चुकता करावे लागते. बारा किलो वजनाच्या मुलाला ताप आहे आणि पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने द्यायचे ठरले, तर १८० मिलिग्रॅम औषध लागेल. आता एका बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम' असे छापलेले असते आणि शेजारच्या बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम'. पहिल्या बाटलीतले ७.२ मिलिलिटर द्यावे लागेल, दुसरीतले ३.६. दोन्ही बाटल्यांचा रंग गुलाबी, दोन्हींवर फळाचे चित्र. आई सांगते, "मागच्या वेळी दीड चमचा दिले होते." मागच्या वेळची बाटली कोणती होती हे विचारायचे सुचणे, हे त्या गणितातले अर्धे काम आहे. तीच गोष्ट सलाइनची. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत संपवायचे आहे आणि त्या नळीतून २० थेंबांना एक मिलिलिटर पडते, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडायला हवेत. त्रैराशिकापलीकडे यात काही नाही. पण टक्केवारी आणि गुणोत्तर कच्चे राहिलेली मुले पुढे पदवी मिळवूनही या हिशेबापाशी अडखळताना मी पाहिली आहेत, आणि त्यांतली काही अडखळल्याचे लपवतात, ते अधिक धोक्याचे असते. दहावीच्या परीक्षेसाठी जे करायचे ते ती करीलच. त्यासोबत घरातल्या औषधांच्या वेष्टनांवरची अशी गणिते तिला दर आठवड्याला दोन-चार सोडवायला द्यावीत. धास्ती बहुधा अशानेच जाते, कारण आकड्यांमागे माणूस दिसू लागतो. मात्र हा फक्त हिशेबाचा सराव आहे. घरातले औषध द्यायचे की नाही आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे, हे तिला पहिल्याच दिवशी बजावून सांगावे.

दुसरी गोष्ट भाषेची. तिचे प्राथमिक शिक्षण मराठीत झाले याची आपल्याला थोडी काळजी वाटत असावी, असे पत्रावरून जाणवते. काळजीचे कारण नाही. इंग्रजी शास्त्रीय संज्ञा पुढे सर्वांनाच नव्याने शिकाव्या लागतात, इंग्रजी शाळेतून आलेल्यांनाही, आणि त्यांची किल्ली सोपी आहे : बहुतेक संज्ञा ग्रीक-लॅटिन तुकड्यांच्या बनलेल्या असतात. 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'कार्डि' म्हणजे हृदय. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' आले की दाह समजावा, 'एक्टमी' आले की कापून काढणे, 'ईमिया' आले की रक्तातली काही गोष्ट. असे साठ-सत्तर तुकडे एका वहीत उतरवून पाठ केले तर अकरावीचे जीवशास्त्राचे पुस्तक निम्मे सोपे वाटू लागते. संस्कृतचे संधी-समास शिकलेल्या मुलांना हे फार लवकर जमते, असा माझा अनुभव आहे.

रुग्णाची भाषा मात्र कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. एका आरोग्य केंद्रात आमच्याकडे परराज्यातून शिकून आलेला एक हुशार इंटर्न होता. एक आई बाळाला घेऊन आली आणि म्हणाली, "भुरग्याक जोर आयला." कोकणीत जोर म्हणजे ताप. त्याने केसपेपरवर लिहिले की बाळ शौचाला जोर करते, आणि बद्धकोष्ठाचे औषध लिहून दिले. औषध देणाऱ्या फार्मासिस्टने बाळाच्या अंगाला सहज हात लावला म्हणून ते बाळ परत माझ्यापुढे आले. थर्मामीटरने १०३ दाखवले. त्या इंटर्नला मी रागावले नाही, कारण चूक माझीही होती; पहिल्याच दिवशी त्याला वीस कोकणी शब्द शिकवायला हवे होते. गोव्यात एका सकाळच्या ओपीडीत कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी एवढ्या भाषा कानावर पडतात. घुंवळ (चक्कर), धाप, कळ, चमक, ठणका, मुंग्या, जळजळ या शब्दांतला प्रत्येक शब्द वेगळ्या तक्रारीकडे बोट दाखवतो, आणि 'पेन' या एका इंग्रजी शब्दात त्यातले निम्मे बुडून जाते. आपल्या मुलीपाशी यांतल्या दोन भाषा जन्मापासून आहेत. बांधकामावरच्या मजुरांशी बोलण्यापुरती कन्नड आणि चांगली हिंदी तिने शिकून घेतली तर ती भर कोणत्याही प्रमाणपत्राहून मोलाची ठरेल.

आता अकरावी. गोव्यात हायर सेकंडरीला विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तीन विषय तिने घ्यावेतच. चौथ्या विषयाच्या जागी, धास्ती असली तरी, गणित घ्यावे असे मी सुचवीन. त्याने बायोमेडिकल इंजिनिअरिंग, पुढे जाऊन वैद्यकीय भौतिकी किंवा सांख्यिकी यांची दारे उघडी राहतात. पहिल्या सहामाहीत खरोखरच झेपत नाही असे दिसले तर विषय बदलण्याबाबत शाळेत वेळेवर विचारावे. जीवशास्त्र सोडण्याची चूक मात्र करू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसण्याची मुभा दिली, तरी ती वाट लांबची आहे.

नीटसंबंधी नातेवाइकांचे म्हणणे मला पटत नाही. नीटच्या प्रश्नपत्रिकेत १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो. यातले निम्मे, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राचे आहेत आणि सगळा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि बारावीला या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गांना ४० टक्के गुण लागतात. जो अभ्यासक्रम अजून सुरूच झालेला नाही त्याचा क्लास दहावीत लावून काय साधणार? दहावीत विज्ञानाच्या संकल्पना पक्क्या होऊ द्याव्यात, अकरावीच्या पहिल्या दिवसापासून एनसीईआरटीचे पुस्तक ओळ न ओळ वाचायची सवय लावावी, आणि क्लास लावायचाच असेल तर अकरावीत, तोही घरापासून तासाभरापेक्षा लांब नको. रोज डिचोलीहून मडगावपर्यंत बसने जाऊन-येऊन क्लास करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या आयुष्यातले रोजचे चार तास बसमध्ये जातात आणि झोप जाते ती वेगळीच.

गोव्यात एमबीबीएसचे शिक्षण बांबोळीला मिळते. त्या संस्थेचे मूळ १८४२ मध्ये पणजीत पोर्तुगिजांनी सुरू केलेल्या एस्कोला मेडिको-सिरुर्जिकात आहे, आणि मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचे गोवा मेडिकल कॉलेज झाले. जागा मोजक्या, त्यांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. शिक्षण साडेचार वर्षांचे, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप, आणि विशेषज्ञ व्हायचे तर आणखी तीन वर्षे, तीही पुन्हा एका स्पर्धा परीक्षेनंतर. म्हणजे आज पंधरा वर्षांची असलेली मुलगी स्वतःच्या पायावर नीट उभी राहीपर्यंत पंचविशी ओलांडते. हे तिला घाबरवण्यासाठी नव्हे, पण आत्ताच स्पष्ट सांगावे. पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकले तर एक वर्ष पुन्हा द्यायला हरकत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वर्ष वाया घालवण्यास माझा विरोध आहे. अशा मुलांच्या चेहऱ्यावरचा सगळा उत्साह विझलेला दिसतो, आणि या व्यवसायात उत्साहच तर पणाला लागतो.

गुण कमी पडले तर काय, याचे उत्तर लांब आहे. बांबोळीलाच १९८० पासून दंतवैद्यक महाविद्यालय आहे, तिथेच नर्सिंगची संस्था आहे. शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी अशी दोन महाविद्यालये आहेत, आणि धारगळला डिसेंबर २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र आहे. यांतल्या दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथीला नीट लागतेच. पणजीचे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय १९६३ चे, बी.फार्म. चार वर्षांचे, आणि त्याला जीवशास्त्र किंवा गणित, दोहोंपैकी कोणतेही चालते. बी.एस्सी. नर्सिंगही चार वर्षांचे, त्याला भौतिक-रसायन-जीवशास्त्रात मिळून ४५ टक्के लागतात. जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा मात्र कोणत्याही शाखेच्या मुलीला इंग्रजी विषय असल्यास ४० टक्क्यांवर करता येतो, आणि पुढे दोन वर्षांचे पोस्ट-बेसिक शिक्षण घेऊन पदवीपर्यंत पोचता येते. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस, नेत्रतपासणी यांचे अभ्यासक्रम आहेतच. कोणाचा प्रवेश नीटच्या गुणांवर आणि कोणाचा बारावीच्या, हे नियम अधूनमधून बदलतात; त्यासाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचावे, शेजारच्या मुलाच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये.

नर्सिंगविषयी थोडे जास्त लिहिते, कारण मध्यमवर्गीय गोमंतकीय घरांत अजूनही त्या शब्दावर नाक मुरडले जाते. रुग्ण बिघडतो आहे हे सर्वांत आधी नर्सला कळते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका सिस्टरने मला रात्री उठवले, तेव्हा तिच्यापाशी सांगण्यासारखे एवढेच होते की, "डॉक्टर, बारा नंबरचा पेशंट मघापासून चादर चाळवतोय, मला ते बरे दिसत नाही." रक्तदाब ठीक होता, नाडी थोडी वाढलेली. मी जरा वैतागूनच गेले. तासाभरात त्याला आतून रक्तस्राव होत असल्याचे कळले आणि रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात पाठवता आले. परदेशी जाता येते म्हणून नर्सिंग घ्यावे, असाही सल्ला आपल्याला कोणी देईल. जाता येते हे खरे, पण भाषेची परीक्षा, तिथली नोंदणी आणि इथला काही वर्षांचा अनुभव हे सगळे त्यात येते. तो हेतू पहिला ठेवू नये.

एक सावधगिरी. म्हापशापासून काणकोणपर्यंत बसस्टँडच्या भिंतींवर सहा-सहा महिन्यांच्या पॅरामेडिकल कोर्सच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला. त्यात सहायक आरोग्य व्यावसायिकाच्या (तंत्रज्ञ वगैरे) डिप्लोमा-पदवीला किमान २,००० तास, दोन ते चार वर्षांत विभागलेले, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या (थेरपिस्ट वगैरे) पदवीला किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत, अशी अट आहे. फी भरण्यापूर्वी संस्थेच्या कार्यालयात दोनच प्रश्न विचारावेत : शिक्षण संपल्यावर माझे नाव कोणत्या परिषदेत नोंदले जाईल, आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती खाटांवर होईल? उत्तर गोलमाल आले तर पैसे खिशात ठेवून घरी यावे.

हे झाले दाखल्यांचे आणि प्रवेशांचे. कामाची तयारी पाहण्यापासून सुरू होते. हडफड्याला जन्मलेले डॉक्टर अकासियो व्हिएगस मुंबईत व्यवसाय करीत होते. १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रुग्णांचा ताप आणि जांघेतल्या, काखेतल्या गाठी पाहून हा गाठीचा प्लेग आहे हे त्यांनी ओळखले. प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. त्यांच्या हाती आजची कोणतीही यंत्रे नव्हती. ते रुग्णांच्या वस्तीत गेले आणि त्यांनी हात लावून पाहिले. ही नजर शाळेच्या वयात घडू शकते. घरच्या आजीला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते ते कशासाठी, टाचेवरची आणि माकडहाडावरची त्वचा लाल झाली की काय समजावे, ती पाणी किती प्याली आणि लघवी किती झाली, गोळी गिळताना ठसका लागतो का, हे मुलीने रोज पाहावे आणि तारीख घालून वहीत लिहावे. मत लिहू नये, दिसले तेवढेच लिहावे : 'आजी कंटाळली आहे' असे न लिहिता 'दुपारी जेवली नाही, दोनदा हाक मारल्यावर बोलली' असे. हा फरक शिकवायला मला इंटर्न मुलांबरोबर कित्येक महिने लागतात.

रुग्णालयात जाऊन डॉक्टरांच्या मागे उभे राहण्याची सोय आपल्याकडे शाळकरी मुलांना सहसा मिळत नाही, आणि ओळखीने मिळाली तरी रुग्णाच्या दृष्टीने ती योग्य असतेच असे नाही. ओळखीच्या फार्मसीत सुट्टीत आठवडाभर बसून चिठ्ठ्या कशा वाचतात, मुदत संपलेली औषधे कशी वेगळी काढतात ते पाहता येईल. प्रयोगशाळेत, चष्म्याच्या दुकानामागच्या नेत्रतपासणीच्या खोलीत, फिजिओथेरपिस्टकडे, पशुवैद्याकडेसुद्धा विचारून पाहावे. जिथे जाईल तिथे एक नियम पक्का : तिथे कोणाला पाहिले, कोणाला काय झाले होते, हे घरी येऊन सांगायचे नाही, मैत्रिणीलाही नाही, आणि मोबाइल पिशवीतून बाहेर काढायचा नाही. डिचोलीसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे हा नियम पाळणे शहरापेक्षा कठीण आहे.

प्रथमोपचार मात्र आत्ताच, रीतसर, प्रशिक्षकाकडून शिकावे. छाती दाबताना मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे असते, हे वाचून येत नाही. पुतळ्यावर घाम गाळल्यावरच हाताला कळते. कुत्रा चावला तर जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि मग लस घ्यायला जायचे, साप चावला तर आवळून बांधायचे नाही, कापायचे नाही, हालचाल न करू देता थेट रुग्णालय गाठायचे, एवढे तरी तिच्यामुळे वाड्यावर कळले तर पुष्कळ. हिपॅटायटिस बी लशीचे डोस लहानपणी पूर्ण झाले होते का ते लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्यावे. रुग्णालयातल्या कोणत्याही प्रशिक्षणाआधी ते पूर्ण हवेत, आणि राहिले असतील तर शून्य, एक आणि सहा महिने या क्रमाने घेता येतात.

रक्त पाहून भोवळ आली तर काय, हा प्रश्न मुले मला एकांतात विचारतात. माझ्या हाताखालची एक मुलगी पहिल्या टाक्यांच्या वेळी सरळ खाली कोसळली होती. आज ती शस्त्रक्रियागृहात भूल देणाऱ्या डॉक्टरांचा उजवा हात आहे. भोवळ सवयीने जाते. जी मुले रुग्णाच्या दुःखाने दरवेळी स्वतःच कोलमडतात किंवा ज्यांना दुसऱ्याच्या अंगाची घाण साफ करताना मनातून अपमान वाटतो, त्यांना मात्र मी प्रयोगशाळा, औषधनिर्माण किंवा सांख्यिकीकडे वळवते, आणि तिथे ती चांगली रमतात.

कॉलेजात बी.एस्सी.ला, म्हणजे प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र यांपैकी कशाला प्रवेश घेतला तरी आरोग्यसेवेचा रस्ता बंद होत नाही. तिथून सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन, रोगनिदान प्रयोगशाळा, संशोधन इकडे जाता येते. मानसशास्त्र आणि समाजकार्य यांनाही कमी लेखू नये. पर्वरीला 'संगत' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करते. तिथल्या संशोधनात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना परिणामकारक मदत केल्याचे दिसले, आणि ते काम जगभर वाखाणले गेले. कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर असते. बहुतेक मुले ते तास झाडे लावून आणि फोटो काढून संपवतात. रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसून, घाबरलेल्या दात्याशी बोलत ते तास घालवले तर बरेच काही शिकता येते. आणि १८ वर्षे पूर्ण होऊन वजन ४५ किलोच्या वर असेल, तर स्वतःही रक्त द्यावे.

कागदपत्रांसाठी अकरावीच्या सुट्टीतच मामलेदार कचेरीत रहिवासी दाखल्याची चौकशी करावी. जातीचा दाखला लागू असल्यास तोही, ओबीसींना नॉन-क्रीमी लेयरसह. निकालानंतरच्या आठवड्यात तिथल्या रांगेत उभे राहण्याची वेळ येऊ देऊ नये. खर्चाची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची माहिती प्रवेशाआधीच घ्यावी.

तूर्त एवढे करावे. आजीची वही आजपासून सुरू करावी, आणि पुढच्या वेळी आजीला डॉक्टरांकडे न्याल किंवा डॉक्टर घरी येतील तेव्हा ती वही मुलीनेच वाचून दाखवावी. आपण दोघांनी मध्ये बोलू नये. डॉक्टर तिला काय काय उलटे विचारतात आणि वहीत कशाची नोंद राहून गेली होती, ते तिने त्याच पानावर खाली लिहावे.